उतार दाराकडे

आदरणीय भगवान दाजी,

सविनय जयभीम. ताईचा गुडघा आणि तुमची शुगर, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. मी आणि भावना बदलापुरात मजेत आहोत; फक्त आठ दिवसांपासून आंघोळीला खालच्या मजल्यावर जातो.

झालं असं, की खाली राहणाऱ्या गोजरबाईंच्या छताला ओल आली. त्या भांडल्या नाहीत. (भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.) रोज जिन्यात गाठून शांतपणे म्हणायच्या, "राजरत्न, तुझं पाणी आलंय रे." शेवटी ठरवलं, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आपणच करायचं. अंबरनाथ एमआयडीसीत बावीस वर्षं मशिनी दुरुस्त करणाऱ्याला चार फुटांची जमीन काय जड? उल्हासनगरला हरेशच्या दुकानात केमिकलचा डबा घ्यायला गेलो. तो म्हणाला, "साईं, केमिकल तो बाद में. पहले बेस. बेस गलत तो सब गलत." मी मान डोलावली. (मान डोलावणं वेगळं आणि समजणं वेगळं, हे त्यालाही ठाऊक असावं, कारण त्यानं तेच पुन्हा सांगितलं.)

रजा टाकून जुन्या लाद्या फोडल्या. सुटा माल खरवडला, धूळ झाडली, भेगा बुजवल्या, नवा कोबा घातला आणि भिंतीच्या कडेनं सिमेंटची गोलाई काढली. गोलाई इतकी सुरेख आली की भावनाला तीनदा दाखवली; तिनं दोनदा पाहिली. मग तीन दिवस कोब्यावर पाणी मारलं, दोन दिवस सुकू दिला. आता डबा उघडणार, तेवढ्यात भावना म्हणाली, "आधी एक बादली ओतून बघा ना." ओतली, निव्वळ तिच्या समाधानासाठी. पाणी क्षणभर थबकलं, आणि जाळीकडे पाठ फिरवून दाराबाहेर निघालं. हॉल ओलांडून सोफ्याखाली गेलं. भावना सोफ्यावर बसली होती. तिनं पाय वर घेतले.

आंघोळीची सोय गोजरबाईंनीच पहिल्या दिवशी केली. म्हणाल्या, "इतके दिवस तुमचं पाणी यायचं, आता तुम्ही या."

तर कोबा पुन्हा फोडायचा आहे, एवढंच. बाकी सर्व क्षेम.

आपला,
राजरत्न

ता. क. : हे काम मला जमत नाही, असा गैरसमज नसावा.

आणखी ता. क. : जमत नाही. तुम्ही तीस वर्षं गवंडीकाम केलंत. रविवारी थापी आणि लेव्हलची नळी घेऊन याल का? फोनच केला असता, पण चामटोलीला तुमच्या नव्या घरी मी चारचौघांत न्हाणीचा उतार चुकलाय म्हणालो, तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. त्या दिवशी हात धुताना पाणी सरळ जाळीकडे गेलं होतं, दाजी. मी पाहिलं होतं.