कंपनीला बघायला आले त्या दिवसाबद्दल

प्रिय बाबा,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. अष्टमी गावातल्या दोन खोल्यांत आपण एकमेकांच्या अंगावर राहिलो, पत्र कुणी कुणाला लिहायचं? पण आज अकरावीच्या वर्गात शिकवताना मी एक खोटं बोलले, आणि ते तुझ्याबद्दल होतं. हे तुला सोडून कुणाला सांगू?

तोच धडा होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची अमेरिका. कारखान्यात राबणारी लहान पोरं, डब्यातलं सडकं मांस, बाहेरून कुलूप घातलेली दारं. मग वर्तमानपत्रांनी लिहिलं, बायकांनी सभा घेतल्या, लोक चिडले, कायदे झाले आणि कारखाने तपासायला सरकारी माणसं जाऊ लागली. सरकारचं काम म्हणजे फक्त कर घेणं आणि चोर पकडणं नाही, हे पोरांना इथे पहिल्यांदा कळतं. मला हा धडा फार आवडतो, तुला माहीतच आहे.

दोन वर्षांपूर्वी मी याच धड्याच्या नोट्स घरी मोठ्याने वाचत होते. तू दाराशी खुर्ची टाकून बसला होतास. केमिकल कंपनी सुटून वर्ष झालं होतं, खोकला मात्र सुटला नव्हता. "सरकारने तपासनीस नेमले आणि कामगारांचे जीवन सुरक्षित झाले," मी वाचलं. आणि तू हसलास! हसता हसता इतका खोकलास की आई पाणी घेऊन धावली.

"झाला? येवढ्यात झाला?" तू म्हणालास. "गो बाय, तुज्या अमेरिकेत सायेब न सांगता येत असंल. आमच्याकडं दोन दिस आधी कळायचा."

मग तू रंगात आलास. तपासणीच्या दिवशी तुम्ही एकमेकांना म्हणायचात, "आज कंपनीला बघायला येनार." सकाळी गेटवर नवेकोरे मास्क वाटायचे आणि शिफ्ट सुटताना परत गोळा करायचे. पण नवे दिसले तर साहेबाला संशय येणार! म्हणून तुम्ही सगळे ते चुरगाळायचात, लादीवर घासायचात, हाताचं काळं त्यांना पुसायचात. "लोक पोरीला नटवतात," तू म्हणालास, "आमी मळवायचो." मी पोट धरून हसले.

तू मात्र हसायचा थांबलास.

"एकदा बाई आलेली. सरकारी सायेब, पन बाई. तुज्याच वयाची. मला बाजूला घेतला नि इचारला, काका, हा मास्क रोज मिळतो कं?"

"मग?"

"मी बोललो, व्हय मॅडम, रोज."

सुपरवायझर मागे उभा असेल, मी म्हटलं. तू मान हलवलीस. "कोनी नव्हता. परत इचारला तिनी. मी परत व्हय बोललो."

"पण का, बाबा?"

"तुजा पेनच्या कालेजात बी.एड. चालू होता ना. शेवटचा वरीस. काम गेला असता तर?"

किती सहज म्हणालास! आणि मग म्हणालास, "सरकार येत नाय असा नाय, बाय. माज्यापर्यंत आला होता. मीच त्याला परत पाठवला. हा सांग पोरांना. नायतर मीच येतो वर्गात नि सांगतो."

मी "बघू" म्हटलं. तू ते खरं धरलंस. लग्नकार्याला घालायचा पांढरा शर्ट आईकडून इस्त्री करून घेतलास आणि खिळ्याला टांगलास. रोज संध्याकाळी विचारायचास, "या आठवड्यात कं?" मी कधी चाचणी परीक्षा सांगितली, कधी प्राचार्यांची परवानगी. प्राचार्यांना मी विचारलंच नव्हतं. वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील इथल्याच कंपन्यांत आहेत, उगाच कुणाला त्रास नको, असंही मनाशी म्हणून पाहिलं.

खरं कारण वेगळंच होतं. मला लाज वाटली, बाबा. वर्गात मी अगदी पुस्तकी मराठी बोलते. तिथे माझा बाप उभा राहून नाय-व्हय करणार, आणि वर आपण खोटं बोललो हे कबूल करणार! मला ते सोसलं नसतं. सातवी शिकलेल्या तुला जे बोलायची हिंमत होती, ते ऐकायची मला नव्हती.

पेणच्या दवाखान्यात नाकाला नळी लावलेली असताना तू विचारलंस, "तो धडा झाला कं?" मी म्हटलं, "नाही, तू बरा झालास की घेऊ." धडा केव्हाच झाला होता. पेपरसुद्धा तपासून झाले होते. तू डोळे मिटून मान हलवलीस. तुला कळलं होतं का रे?

आणि आज. सानिका नावाची पोरगी आहे, वडील अजून फर्स्ट शिफ्टला जातात. तिने हात वर केला. "मॅडम, तपासायला येतात तेव्हा कामगार खरं का नाय सांगत? माझे पप्पा पन नाय सांगत."

मी म्हटलं, "त्या लोकांमध्ये जागृती नसते." वर फळ्यावर लिहिलंही, 'जागृतीचा अभाव'. पोरांनी निमूट उतरवून घेतलं. सानिकाने पेन खाली ठेवलं.

जागृती नसते! तुला? वारा कुठून आहे ते बघून ओला रुमाल कधी बांधायचा, हे नव्या माणसांना शिकवणाऱ्या तुला? तू सगळं जाणत होतास. जाणूनच व्हय म्हणालास.

पण तू तरी तेव्हाच का नाही सांगितलंस मला? मी बी.एड. सोडलं असतं. सोडलं असतं का? माहीत नाही. म्हणूनच विचारलं नसशील.

त्या साहेबबाईंचाही विचार येतो. दोनदा विचारलं म्हणजे त्यांना संशय होताच. पण नुसतं विचारून काय होतं? 'नाही' म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच गेटातून कामावर जायला हवा. तेवढी हमी देणं हे सरकारचं काम, आणि तेच माझ्या नोट्समध्ये नव्हतं.

तू गेलास, तुला वर्गात आणायचं राहून गेलं, ते आता होणार नाही. पण उद्या पहिला तास माझाच आहे. 'जागृतीचा अभाव' मी पोरांना वहीतून खोडायला लावीन. मग तुझं नाव सांगेन, कंपनीत काय करायचास ते सांगेन, 'एक कामगार' म्हणणार नाही. तास संपायच्या आत सगळं बोलेन. सानिकाला तिचं उत्तर देईन, की माझे बाबा दोनदा व्हय म्हणाले, म्हणून मी आज तिच्यासमोर मॅडम म्हणून उभी आहे.

तुझीच,
सुमन