इंग्रजीच्या वर्गात घेतलेलं नाव

अहो,

बारामतीच्या होस्टेलवर मी खुशाल हाय. हे फोनवर सांगायची लाज वाटली, म्हणून पत्र.

इंग्रजीच्या वर्गात पॅसिव्ह व्हॉइस चाललाय. आधी काम सांगायचं, करणारा शेवटी. ऊस लावला गेला, लावला जातोय, लावला जाईल, सगळे काळ मी धडाधड सांगितले. मॅडम म्हणाल्या, "कुणाकडून?" तुमचं नाव कसं घेऊ, म्हणून मी वहीत तोंड लपवलं, तसं मॅडम हसून म्हणाल्या,

"नवऱ्याचं नाव न्हाय घेत? मग उखाण्यात घ्या."

घेतलं की!

उसाला सोडलं पाणी, सरीला लावली माती,
मानसिंगरावांचं नाव घेते, इंग्रजीची वही हाती.

बायकांनी बाकं बडवली नुसती!

तिकडं घरी बावड्याला पाऊसपाणी कसं हाय? वेळेवर जेवता न्हवं? सासूबाई फोनवर म्हणतात, आपल्या श्रेयाच्या वेण्या रोज घातल्या जातात. कुणाकडून, ते काय सांगत न्हाईत.

तुमीच ना, मानसिंगराव?

तुमची,
उत्कर्षा