अवसेचा शनिवार

रविवार, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी.

माय, आज सकाळी नळाला पाणी आलं, ते भरलं. दोन भाकरी केल्या, एक उरली. मग तुझ्या लुगड्याचं दुपटं गार पाण्यात धुतलं आणि गच्चीवर टाकीच्या आडोशाला सावलीत वाळत घातलं. गुरुवारी कोल्हापुरात कोर्टाचा आदेश हातात पडला. माझी लेक दोन वर्षांची होईपर्यंत मला तिला समोर भेटता येणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. महिन्यातून एकदा अर्धा तास फोनवर तिचं तोंड बघायचं. पुढं भेटायचं असेल तर तेव्हा नवा अर्ज करायचा.

तुला नात झाली हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून आधी तेच सांगतो. दहा महिन्यांची आहे. तिच्या आईशी माझं लग्न झालेलं नाही. ती आमच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत तीन वर्षांच्या करारावर आली होती, तिकडची, कोल्हापूरकडची. शेतकरी पिशवीत माती आणतात, ती आम्ही सावलीत वाळवतो, कुटतो, चाळतो. ती आणि मी एकाच टेबलावर चाळायचो. पुढचं तुला लिहायला मला जमणार नाही. लग्न करू, असं मीच म्हणालो होतो. घरी सांगतो आणि मग करू, असं दोन वर्षं म्हणत राहिलो. घरी सांगायला होतं कोण? तू जाऊन एकोणीस वर्षं झाली, अण्णा तुझ्या मागोमाग गेले. धाकटी पोखर्णीला तिच्या संसारात, तिची तर ना नव्हतीच. तरी मी सांगतो, उद्या सांगतो, असंच करत राहिलो. दिवस गेल्याचं तिनं मला सांगितलं, त्यावरही मी उद्या बोलू म्हणालो. ती म्हणाली, "तुझा उद्या काय उगवत नाही बघ." करार संपायच्या आधीच ती माहेरी निघून गेली. लेक झाल्याचा निरोप मला चार दिवसांनी तिच्या मैत्रिणीकडून मिळाला.

वकील म्हणाले, लग्नाचं मूल असतं तर मी वेगळं बोललो असतो, इथं कायद्यानं आई पहिली, तुम्ही नंतर. तरी त्यांनी भेटीची परवानगी मिळवून दिली. महिन्यातले दोन शनिवार, अकरा ते एक, तिकडच्या एका समुपदेशक बाईंच्या खोलीत, लेकीची आजी समोर बसलेली. शुक्रवारी ऑफिस सुटलं की परभणीहून गाडी धरायची, सकाळी तिथं उतरून स्टँडवरच तोंड धुवायचं. पहिल्या खेपेला धाकटीनं तुझं जुनं लुगडं ट्रंकेतून काढलं, हिरवं, काठ विरलेलं, आणि त्याचं दुपटं शिवून दिलं. शिवताना एवढंच म्हणाली, "आत्या मी, अन् बारशाला मलाच बोलावलं न्हाई."

मला आज दुसरंच एक आठवत आहे. धाकटी झाली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. अण्णा ऊसतोडीला गेले होते आणि तू बाळंतपणासाठी मागं राहिली होतीस. निरोप मिळाल्यावर अण्णा मुकादमाकडून दीड दिवसाची सुट्टी काढून निघाले आणि सोनपेठला एसटीतून उतरून चालत आले. दुपार होती. ते उंबऱ्यापाशी आले आणि तू आतूनच म्हणालीस, "तितंच थांबा. आज अवस हाय. अवसेला वाट चालून आलेल्यानं लेकराला बघू न्हाई. उद्या बघा." अण्णा शेजारच्यांच्या गोठ्याबाहेर दगडावर जाऊन बसले. मी त्यांना भाकरी नेऊन दिली, तर मलाच विचारू लागले, रंग कसा हाय रे, केस हायेत का. मी परत येऊन तुला सांगितलं तर तू हसलीस. म्हणालीस, एक दिवस थांबल्यानं काय बिघडतंय, लेकरू काय पळून जायलंय का. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धाकटीला चहा निवेपर्यंत मांडीवर घेतलं आणि गाडी गाठायला निघाले. परत आले ते उन्हाळ्यात. धाकटी त्यांना बघून किंचाळली. आठ दिवस ती त्यांच्या जवळ जात नव्हती. ही गोष्ट तू सगळ्यांना हसून सांगायचीस. अण्णा ती ऐकताना हसायचे का, ते मला आठवत नाही.

माझ्या भेटीचा तिसरा शनिवार भाद्रपदातल्या अवसेचा आला. सर्वपित्रीची अवस. मी गाडीचं तिकीट काढलं नाही. धाकटी म्हणाली होती, "जा की भाऊ. आता कोण पाळतंय अवस? माईचं पान मी वाढते." मी म्हणालो, नको, माय असती तर जाऊ दिलं नसतं. सकाळी उठून मीच स्वयंपाकाला लागलो. साडेअकराला फोन वाजला तेव्हा मी वडे तळत होतो. लेकीची आई होती. पोरीला नवीन झबलं घालून सकाळपासून बसलोय, कुठं आहेस, असं तिनं विचारलं. गाडी चुकली म्हणालो असतो तर कदाचित निभावलं असतं. मी खरं तेच सांगितलं, आज अवस आहे, तान्ह्या लेकराकडं जाऊ नये.

ती म्हणाली, "ती काय पंचांग बघून जन्माला आली व्हय? पौषातल्या अवसेची आहे ती. तुला ठाऊक तरी आहे का?"

मला ठाऊक नव्हतं. जन्माची तारीख मी कोर्टाच्या अर्जात तीनदा लिहिली होती. तिथी बघितली नव्हती. कढईतले वडे करपले. तुझ्या पानावर त्यातलेच दोन बरे बघून वाढले.

लेकीच्या आईनं भेटी बंद करायचा अर्ज केला. कोर्टात तिच्या वकिलांनी सगळं शांतपणे मांडलं. म्हणाले, "वर्षाला बारा अमावस्या येतात, मॅडम. लेकराचा जीव केवढा." मागं कुणीतरी हसलं. न्यायाधीश बाईंनी मला विचारलं, हे खरं आहे का. मी हो म्हणालो. काही सांगायचं आहे का, असंही त्यांनी विचारलं, आणि मी खाली बघत उभा राहिलो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढं मूल नात्यानं ओळखत नाही हो. कोण येतं-जातं त्यावर ओळखतं." पुढच्या तारखा पडत गेल्या, तोवर भेटी बंदच होत्या, आणि गुरुवारी आदेश आला.

कोल्हापूरहून येताना सगळी वाट मी तुझ्याशी मनात भांडत होतो. तू ती रीत घातलीस, अण्णांना दगडावर बसवलंस, तुझ्यामुळंच माझी लेक गेली. हे कागदावर उतरवायचं म्हणूनच आज लिहायला बसलो. पण ते तसं झालेलं नाही.

पहिल्या भेटीत ती दोन्ही तास रडली. मी घेतलं की रडायची, आजीनं घेतलं की थांबायची. आजी मला वाईट बोलली नाही, उलट म्हणाली, होईल सवय हळूहळू. दुसऱ्या भेटीत ती रडून थकली आणि माझ्या मांडीवर, तुझ्या दुपट्यावर झोपली. दहा मिनिटं झोपली असेल. माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी मी हललो नाही. मग तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, तिचा खालचा ओठ थरथरला आणि तिनं दूध ओकलं. त्यानंतर चौदा दिवस मला तो ओठच दिसत होता. शनिवारी पुन्हा जायचं म्हणून कॅलेंडर बघितलं, तर त्या चौकोनात काळा गोल छापलेला होता. माय, तो बघून मला बरं वाटलं. सुटलो असं वाटलं. अवस मी त्या आधी कधी पाळली नाही, नंतरही नाही. भीती माझी होती, नाव तुझं पुढं केलं.

हे कोर्टात सांगितलं नाही. धाकटीलाही नाही. लेकीच्या आईला सांगावं का, ते ठरत नाही.

हा कागद तुझ्या ट्रंकेत ठेवीन. दुपट्यावरचा दुधाचा डाग अडीच महिने मी धुतला नव्हता. आज धुतला, तरी थोडा राहिलाच आहे. लेकराचं कापड दिवेलागणीनंतर बाहेर ठेवू नये, असं तू म्हणायचीस. ऊन उतरलं तसा मध्येच उठून वर गेलो. दुपटं अजून दमट होतं. चार घड्या घालून आत आणलं.