ताईंची यादी

सर, आता मी कुठे जात नाही. नवी मुंबईत, बोनकोड्यातल्या घरी खिडकीजवळ टेबल टाकलंय, तिथे बसून दिवसभर लांबलांबच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर बघते. कंबरेचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्कूटर बंद केली, तेव्हा हे सुरू केलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली; मी तुमच्या हाताखाली कॉम्प्युटर दुरुस्ती शिकत होते तेव्हा आपण फोनवरून फार तर "बंद करून परत चालू करा" एवढंच सांगायचो. आता समोरच्याने एक छोटं सॉफ्टवेअर टाकून मला आकडा वाचून दाखवला की त्याचा स्क्रीन माझ्यासमोर उघडतो आणि त्याचा माउस मी इथून हलवते. पाठीचे हाल वाचतात. पण संध्याकाळपर्यंत इतक्या लोकांच्या टेबलांवर बसून झालेलं असतं की स्वतःच्या घरात उठून पाणी प्यायचाही कंटाळा येतो.

पहिलं गिऱ्हाईक उरणच्या मोरा बंदराजवळची एक शाळा. तिथल्या कारकून ताई त्याच गावच्या, माझ्याहून मोठ्या. पहिल्या दिवशी बाण आपोआप सरकला तशा फोनवर ओरडल्या, "कोन हलवतंय गो ह्यो? माजा हात तं मांडीवर हाय!" मी म्हटलं, "मीच हो ताई." मग कितीतरी वेळ हसत होत्या. पुढे दर वेळी आकडा विचारायला नको म्हणून मी कायमचा पासवर्ड टाकून घेतला, म्हणजे तिथे कोणी नसलं तरी मला आत जाता येतं. त्यांनी हो म्हटलं. कशाला हो म्हणताय, ते मी नीट समजावलं नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी अशीच त्यांच्या मशीनमध्ये शिरले. अपडेट टाकायचं होतं, शिवाय दुसऱ्या दोन ऑफिसांचे स्क्रीन उघडे होते. ताई डबा खायला गेल्या असाव्यात. मुलांच्या नावांची एक यादी उघडी होती. अपडेटसाठी मशीन बंद करून चालू करताना चौकट आली, सेव्ह करायचं का? मी "नको" दाबलं. वाचलंसुद्धा नाही, सर. अर्ध्या तासाने त्यांचा फोन. "सकालपासून भरलेली यादी गेली गो. माजंच कायतरी चुकलं. मुख्याध्यापिका मॅडम सगल्यांसमोर मला बोलल्या." मी म्हटलं, "बघते." एवढंच.

फोन ठेवला आणि वाशीच्या एपीएमसी बाजारातला तो धान्याचा गाळा आठवला. तुम्ही रंगाच्या ब्रशने एका उघड्या मशीनमधला भुसा झाडताय. शेजारच्या मशीनवर म्हातारे कारकून एकेक अक्षर शोधत टाइप करतायत. मला घाई आहे, मी त्यांचा हात माउसवरून बाजूला करते. तुम्ही ब्रश खाली ठेवता. "काम त्यांचं चाललंय, तुझं नाही. आधी विचारायचं." मग मला त्यांच्यासाठी चहा आणायला लावता, आणि त्यांचं पत्र पुरं होईपर्यंत आपण दोघं पोत्यांवर बसून राहतो.

दुसऱ्या दिवशी कंबरेला पट्टा बांधून बसने उरणला गेले. ताईंना सांगितलं, यादी मी घालवली. त्यांनी चष्मा काढला. "मंग काल का नाय बोललीस?" मी मशीन चालू केलं. यादी त्याच दिवशी पाठवायची होती. ताई रजिस्टरमधून वाचत गेल्या, मी टाइप करत गेले. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, की पुढचा मुलगा. तीन वाजता यादी पाठवली. तेवढ्यात मुख्याध्यापिका आत आल्या. म्हणाल्या, "नक्की झालं काय होतं?" ताई रजिस्टर मिटायच्या थांबल्या. मी म्हटलं, "लाइट गेली असेल मॅडम. जुनं मशीन आहे." "मग यांनी मध्ये मध्ये सेव्ह करायला नको?" ताई म्हणाल्या, "हो मॅडम." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

शाळेचं काम अजून माझ्याकडेच आहे. तो पासवर्ड मी काढून टाकला. ताई आकडा वाचून दाखवतात, "झालं का मॅडम?" विचारतात आणि फोन ठेवतात. मुख्याध्यापिकेला खरं सांगायला रोज उद्याचा दिवस असतो.

तुम्हाला हे लिहिणं सोपं जातंय, कारण तुम्ही वाचणार नाही. तुम्ही असतात आणि विचारलं असतंत, तर मी तुम्हालाही लाइट गेली असंच सांगितलं असतं.