भुऱ्याचा श्वास

४ एप्रिल १९९१, सावदा

भुऱ्याने विष खाल्लं. आमच्याच दुकानातलं.

सकाळी हे दुकान उघडायला गेले, भुऱ्या नेहमीसारखा मागोमाग. खता-औषधांचं दुकान — केळीच्या बागेत टाकायच्या दाणेदार औषधाची एक पिशवी कोपऱ्यात फाटली होती. यांचं लक्ष गिऱ्हाइकाकडे. भुऱ्या घरी परतला तो लटपटतच. लाळेची धार, अंगभर थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ओसरीवर आडवा झाला तो झालाच.

शेजारच्या मंजुळाबाई म्हणाल्या, आता काय राह्यलं बाई त्याच्यात, तोंडात पाणी सोड नि हात जोड. मी ऐकलं नाही. त्यांच्याच पोराला सायकलवर जनावरांच्या दवाखान्यात पिटाळलं.

डॉक्टर सोनवणे आले. त्यांचं रोजचं काम बैल-म्हशींचं. कुत्र्याची शीर लवकर सापडेना, पुढच्या पायाचे केस ब्लेडने काढले तेव्हा दिसली. ॲट्रोपिनचं इंजेक्शन दिलं. म्हणाले, लाळ थांबून तोंड कोरडं पडेपर्यंत हे देत राहायचं, नाहीतर छातीत पाणी भरून जीव गुदमरतो. त्यांच्याजवळचं औषध संपलं तेव्हा हे माणसांच्या दवाखान्यात मागायला धावले. पायात चप्पल नव्हती. बाजारातून नाना अनवाणी धावताहेत हे गावाने पहिल्यांदाच पाहिलं असेल!

मी साबणाने त्याचं तोंड, पाय, सगळं अंग धुतलं. दिवेलागणीला लाळ थांबली. सलाइनची बाटली झोपाळ्याच्या कडीला टांगली आहे.

विजूला कोण सांगणार?

५ एप्रिल

भुऱ्या माझा नाही, यांचाही नाही. विजूचा. आमची एकुलती एक. जळगावला कॉलेजात होती तेव्हा मेहरूणच्या तलावाशी हे पिल्लू सापडलं. ओढणीत गुंडाळून एस.टी.तून आणलं. कंडक्टरने विचारलं, काय आहे? ही म्हणे, बाळ आहे, झोपलंय. तेवढ्यात बाळ भुंकलं. सांगताना हसून हसून डोळ्यांतून पाणी यायचं तिच्या.

तिने वर्गातल्या मुलाशी लग्न केलं त्याला दोन वर्षं झाली. मुलगा आपल्यातला नाही. हे एकदाच बोलले — "या घरात तिचं नाव निघणार नाही." मग निघालं नाही. मीही काढलं नाही. इथे लिहिते तेवढंच. तिने रागाने पत्र लिहिलं नाही की यांनी ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही, काही कळत नाही. धुळ्याला आहे, देवपुरात, एवढंच कानावर. केस अजून तेवढेच लांब असतील का? भाकरी थापायला शिकली असेल का?

दुपारी हे हात धुवायला मोरीत गेले. मी भुऱ्याच्या कानाशी वाकले नि म्हटलं, विजू.

शेपटीचं टोक हललं. पुन्हा म्हटलं. पुन्हा हललं.

इतक्या दिवसांत या घरात तिच्या नावाला ओ देणारा हा एकच.

६ एप्रिल

डॉक्टरांनी बजावलं होतं, हे विष उतरल्यासारखं वाटतं नि उलटतं. तसंच झालं.

दुपारी डॉक्टर बाटली बदलायला आले होते म्हणून बरं. भुऱ्याची मान लोंबली, जीभ निळी पडली. श्वासच नाही! डॉक्टरांनी त्याला कुशीवर केलं, मान सरळ केली, जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली. यांना म्हणाले, नाना, इथे तळवा ठेवा, दाबा नि सोडा, मी इंजेक्शन भरतो. हे गुडघे टेकून बसले. दाबत राहिले, सोडत राहिले. कपाळावरचा घाम त्याच्या अंगावर पडत होता. आणि हे पुटपुटत होते, "माझी चूक झाली रे, चल, घे, घे."

भुऱ्याने घेतला. कुडीतून उचकीसारखा एक श्वास आला, मग आणखी एक.

मला राहवलं नाही. यांच्या पाठीमागूनच बोलले, "विजूला कळवू या का?"

नाव घरात उच्चारलं गेलं. भिंती काही पडल्या नाहीत. यांनी वळून पाहिलं नाही, हात त्याच्या बरगड्यांवरून काढला नाही. म्हणाले, "आधी याला बघू."

डॉक्टरांनी मान खाली घालून बॅग आवरली.

७ एप्रिल

जिवंत आहे.

८ एप्रिल

सकाळी पोळ्या झाल्यावर पदर डोक्यावर घेतला नि स्टँडवर गेले. यांना सांगितलं, लिंबू आणते. कुणालाच काही न सांगता जायचं, देवपुरात दारोदार विचारत फिरायचं, असं ठरवूनच निघाले होते. जळगावची गाडी उभी होती, तिथून धुळ्याची मिळते. एका पायरीवर पाय ठेवलासुद्धा. मागची बाई म्हणाली, अक्का, चढा ना, वाट अडवू नका.

देवपूर केवढं! आणि सापडली, नि दार उघडून तिने विचारलं, आज कशी आठवण झाली — तर? आणि इकडे याचा श्वास पुन्हा अडकला तर?

उतरले. लिंबं घेतली. गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच.

घरी आले तर भुऱ्या उभा होता! चारी पाय फाकवून, डुलत. वाटीतलं ताक चाटत होता. वाटी यांच्या हातात. मला म्हणाले, बघ. तेवढंच.

फार आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो बरा झाला की तिला बोलवायचं काही निमित्तच उरत नाही.

९ एप्रिल

विजू आली.

दुपारच्या गाडीने, एकटी. केस कापलेत. हे दुकानात होते. भुऱ्या सरपटत तिच्यापर्यंत गेला, ही ओसरीवरच बसली त्याला मांडीवर घेऊन. कुणी सांगितलं तुला, एवढंच तोंडून निघालं.

"नानांनीच. परवा. आई, ते दर रविवारी दुकानातून आमच्या शेजाऱ्यांकडे फोन करतात." मग माझ्याकडे पाहिलं तिने. "तू एकदाही का आली नाहीस फोनवर?"

मी म्हटलं, गुडघे दुखतात गं माझे. दुकानापर्यंत चालवत नाही.