भुशाखालचा बर्फ आणि आमच्या नगराध्यक्षा

वाल्मुरा,
संत निकोलसच्या सणाचा दुसरा दिवस

आदरणीय बाल्झरमामा,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांना, मामींना आणि गोठ्यातल्या सगळ्या मंडळींना तुमाशचा नमस्कार. डावा गुडघा चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या भेटीत विचारायचं राहून गेलं. उतरताना दुखत असेल तर मामी म्हणतात तसं वजनाचं कारण असेल. चढताना दुखत असेल तर तुम्ही वर आमच्याकडे का फिरकत नाही ते तरी समजेल. इकडे सगळं ठीक. घरी अनेत्ताचा खोकला गेला, तो आता मला आहे. खरं तर फोनच करणार होतो, पण बोलता बोलता बार्बलाचं नाव निघालं की खालच्या वाडीतली लाईन लगेच खराब होते असा अनुभव आहे. (हे टोमणा म्हणून लिहिलं नव्हतं. आत्ता वाचून पाहिलं तर टोमणाच वाटतो. राहू दे.)

खालच्या वाडीत बातमी पोचते ती स्की-लिफ्ट कंपनीच्या रेतो साहेबांच्या माणसांकडून, म्हणून एकदा सगळं सरळ लिहून पाठवावं असं ठरवलं. मी बार्बलाचा वर्गमित्र, नगरपालिकेत तिच्या हाताखाली जंगलाचं काम पाहतो, तेव्हा माझा शब्द निःपक्षपाती नाही हे आधीच धरून चाला. मी स्वतः रोज रात्री रोजनिशी लिहिताना ते धरून चालतो आणि तरीही शेवटी तिचं कौतुकच लिहून बसतो.

ती नगराध्यक्ष म्हणून निवडून आली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, ‘डोंगर वाचवणारी बाई स्कीच्या गावात म्हणजे खाटकाच्या दुकानात शाकाहारी.’ पण दुकान बंद पडलेलं नाही, मामा. कॅफेंच्या बाहेर उघड्या हवेत गॅसच्या शेगड्या पेटायच्या, त्या तिने पहिल्याच हिवाळ्यात बंद केल्या. हॉटेलवाले म्हणाले, पाहुणे गारठतील. तिने मेंढपाळांकडे सडत पडलेली लोकरी कातडी धुऊन खुर्च्यांवर टाकायला लावली. आता पाहुणे त्या कातड्यांवरून उठतच नाहीत, आणि वेटर मुलींची तक्रार अशी की कोण माणूस आणि कोण कुत्रा हे पायांवरून ओळखावं लागतं. रस्त्यावरचं मीठ बंद करून खडी टाकली, दिवे मंद केले. दिवे मंद झाल्यावर चांदणं बघायला मान वर करून चालणारे दोन प्रोफेसर चौकातल्या हौदात पडले हे खरं आहे (रेतो साहेबांनी सांगितलं असेलच), पण ते दोघेही यंदा पुन्हा आले, आणि त्यांनी हौदाशेजारचीच खोली मागितली. स्वतः बार्बला लिफ्टमध्ये बसत नाही. दर शनिवारी स्की मागे घसरू नयेत म्हणून त्यांना कातडी पट्ट्या लावून पायी वर चढते आणि शिखरावरच्या उपाहारगृहात जाऊन भांडी घासायचं पाणी कुठे सोडतात ते बघते. उपाहारगृहवाला खिडकीतून ती चढताना दिसली की सूप ठेवतो आणि नळ बंद करतो. तिच्यावर प्रेम आहे त्याचं, पण भीतीही आहे. माझंही तसंच काहीसं असावं.

आता मुख्य गोष्ट. रेतो साहेबांना वरच्या दलदलीत तळं खणायचं आहे, बर्फ फवारणाऱ्या यंत्रांना पाणी हवं म्हणून. बर्फ आता डिसेंबरात वेळेवर पडत नाही आणि अर्धं गाव लिफ्टवर जगतं, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ती दलदल म्हणजे रानकोंबड्यांच्या नाचाची जागा, आणि खालच्या सगळ्या झऱ्यांचं मूळ. बार्बला वसंतातल्या गावसभेत उभी राहिली आणि म्हणाली, मार्चमधला बर्फ आहे तो आपण जपून ठेवू. चर्चमागच्या सावलीच्या घळीत ढीग रचू, वर जाड भुसा अंथरू, आणि हिवाळा लागताच तोच पसरू. संत निकोलसच्या दिवशी, सहा डिसेंबरला, शाळेची पोरं गावापर्यंत घसरत आली नाहीत, तर मी पद सोडते, मग खुशाल तळं खणा. मी शेजारी बसून तिची बाही ओढत होतो. तिने बाही सोडवून घेतली.

मग गावकीचं काम लागलं. घरटी एक माणूस, नेहमीसारखं. तसा ढीग मी आयुष्यात पाहिला नव्हता. वादळात पडलेली झाडं आपल्या सामाईक करवतीवर कापून त्याचा भुसा वर घातला. जुलैच्या उन्हात भुशात हात घातला की कोपरापर्यंत थंडगार. मी तर रोज काम सुटल्यावर जाऊन हात घालून यायचो. (याची गरज नव्हती. एखाद्याच्या कपाळावर हात ठेवून ताप बघावा तसं व्हायचं.)

पुढे जे झालं ते आपल्याच गावात होऊ शकतं. ऑगस्टमध्ये बार्बला हिमनद्यांच्या बैठकीला राजधानीत गेली असताना तिची आई, नेसाकाकू, हातगाडी घेऊन घळीत गेल्या आणि भुसा भरू लागल्या. मी हटकलं तर म्हणाल्या, “झाडं गावकीची ना? मग भुसाही गावकीचा. वाटपाच्या चिठ्ठ्या काढायला तुम्ही विसरलात, मी नाही. माझा हिस्सा मी नेते, वासराखाली घालायला.” मी हातगाडीला वाट करून दिली, कारण सामाईक जंगलातल्या लाकडात प्रत्येक जुन्या घराचा हिस्सा असतो हे जंगलाचं काम पाहणारा म्हणून मीच दर वर्षी वाचून दाखवतो. नगराध्यक्षांची आईच नेते म्हटल्यावर बाकीच्यांना वाटलं वाटप सुरू झालं. चोरी कोणीच केली नाही, मामा. ज्याने त्याने आपल्या वाट्याचा तेवढाच नेला आणि शेजाऱ्याचा वाटा फावड्याने रेघ मारून नीट सोडला. ज्यांच्याकडे गुरं नाहीत त्यांनीही नेला, हक्क मोडायला नको म्हणून. पाववाल्याने तर आपला हिस्सा गाडीच्या गराजमध्ये ठेवला आणि गाडी बाहेर उन्हात.

बार्बला परतली तेव्हा बर्फाचा ढीग उघडा पडून एका कडेने रडत होता. ती तडक आईकडे गेली, मागोमाग मी.

“आई, भुसा कुठाय?”

“गाईखाली.”

“अगं, बर्फ वितळतोय.”

“बर्फाचं मला काय विचारतेस. बर्फात माझा हिस्सा नव्हता.”

मला वाटलं आता भांडण होणार. मी असतो तर हुकूम काढला असता आणि हुकमाच्या शब्दरचनेत आठवडा घालवला असता. बार्बला पायरीवर बसली आणि म्हणाली, हक्क नगरपालिकेपेक्षा जुना आहे, तो मोडायचा नाही. उठली आणि दारोदार निघाली. प्रत्येक घरी एकच बोलणं: हिस्सा तुमचाच, फक्त हिवाळ्यापर्यंत उसना द्या. तिने सुरुवात आईपासूनच केली. नेसाकाकूंनी विचारलं, “नगराध्यक्ष म्हणून मागतेस की पोरगी म्हणून?” ती म्हणाली, नगराध्यक्ष म्हणून. “मग पुढच्या दाराने ये. आणि बूट पूस.” ती घराला वळसा घालून पुढच्या दाराने आली. बूट पुसले होते.

भुसा परत आला, पण जसा गेला तसा नाही. वासरांनी त्याचा मनापासून वापर केला होता. बार्बलाने कोणाचाच परत पाठवला नाही. स्वतः फावडं घेऊन पुन्हा अंथरला. त्या दिवसांत तिच्याशेजारी चर्चमध्ये जागा सहज मिळायची. एका घराचा हिस्सा मात्र आलाच नाही, आणि ढिगाचा तो कोपरा सप्टेंबरभर उघडाच राहिला.

ढिगातला बर्फ पसरून काल उतरण उघडली. रंग दुधाच्या चहासारखा, आणि वास असा की गाय मागून येतेय वाटावं. झुरिकच्या एका पाहुणीने हा वास कसला म्हणून विचारलं. हॉटेलवाल्याने शांतपणे सांगितलं, अस्सल आल्प्सचा, तर तिने दीर्घ श्वास घेतला. रेतो साहेब नाकाला रुमाल लावून आले. “बाई, ही उतरण आहे की गोठा?”

“रेतो, तुझ्या आजोबांनी दूध विकूनच पहिली लिफ्ट उभी केली,” बार्बला म्हणाली. “त्यांना विचारलं असतं तर त्यांनी फरक सांगितला असता.”

रेतो साहेबही हसले. आणि पोरं घसरत आली, मामा, सगळी शाळा, ओरडत, एकावर एक. पण बर्फ वरच्या पाणवठ्यापाशी संपला. त्या उघड्या कोपऱ्यात जेवढा वितळला तेवढाच कमी पडला. तिथून पोरांनी स्की खांद्यावर घेतल्या आणि गवतातून चालत गाव गाठलं. मीच म्हणालो, पाणवठा म्हणजे गावच की. सगळ्यांनी माना डोलावल्या, रेतो साहेबांनीसुद्धा. (घरी येऊन हे वाक्य रोजनिशीत उतरवायला गेलो तर हात चालेना.) बार्बलाने तिथेच सांगितलं, “मी गावापर्यंत म्हणाले होते. पाणवठ्याला आजवर कोणी गाव म्हटलेलं नाही, तुमाश, तूही नाही. रविवारी सभेत राजीनामा मांडते.”

मी रागावलो. मग तासाभराने लक्षात आलं की ज्या कारणासाठी मी तिला मत दिलं होतं त्याच कारणावर रागावलोय. तिच्याइतकं शब्दाला धरून राहणारं माणूस मी पाहिलं नाही, आणि अशा माणसाला सांभाळायचं तर आजूबाजूच्यांनाच थोडं धावावं लागतं.

मामींना सांगा, त्यांनी दिलेलं चीज फार चांगलं निघालं. प्रकृतीला जपा.

तुमचा भाचा,
तुमाश

ता. क. — रविवारी प्रार्थनेनंतर सभा आहे. राजीनामा स्वीकारायचा की नाही, यावर हात वर करून मत. स्वीकारला तर वसंतात दलदलीत यंत्रं येतील. वरची आळी तिच्या बाजूची, स्टेशनची बाजू रेतो साहेबांची, आणि खालची वाडी आधी तुमच्या हाताकडे बघते, मग स्वतःचा उचलते. एवढंच सांगायला पत्र होतं. तुम्ही यावं. तळ्याच्या बाजूने हात करायचा असेल तर मात्र रस्ता फार निसरडा आहे, गुडघ्याला त्रास देऊ नये.

आणखी ता. क. — वरचं शेवटचं वाक्य अन्यायाचं आहे. रस्त्यावर खडी टाकली आहे, तुम्हाला कसंही मत द्यायचं असलं तरी या. पण मन मोकळं करायचं तर हेही लिहितो: परत न आलेला तो एक हिस्सा ट्रॅक्टरने खालच्या वाडीत गेला होता. तुमच्या वासरांखाली मी तो भुसा ओळखला. बार्बलाला सांगितलेलं नाही. ही धमकी नाही. (तशी वाचता येते, हे मान्य.)

शेवटचं — एखाद्याबद्दल इतकं लिहून त्याला न दाखवणं बरं वाटेना, म्हणून पत्र बार्बलाला वाचायला दिलं. तिला भुशाचं सप्टेंबरपासूनच ठाऊक होतं. ती म्हणते, “बाल्झरकाकांना कळव, हिस्सा त्यांचा होता, त्यांनी नेला, त्यात चूक काही नाही. मत मनाप्रमाणे द्यावं.” तुमच्या गुडघ्यासाठी तिने पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली आहे, तिच्या अगदी डाव्या हाताला लागून. म्हणजे राजीनाम्याच्या बाजूने तुम्ही उजवा हात वर केलात तर तो तिच्या नाकासमोरून जाईल.