माझ्या जागी खेळलेल्या बिरदेवविरुद्ध तक्रार

बारामती
दिनांक : १८ नोव्हेंबर १९९६

प्रति,
मा. कल्याण अधिकारी साहेब
(तथा प्रमुख, कबड्डी संघ),
नीरथडी दूध प्रक्रिया कारखाना,
एमआयडीसी, बारामती, जि. पुणे.

विषय : संघातील खेळाडू बिरदेव धोंडिबा कोकरे याच्या वर्तनाबाबत तक्रार व फेरचाचणी मिळणेबाबत.

संदर्भ : शनिवारी सूचना फलकावर लागलेली जिल्हा स्पर्धेची संघनिवड.

महोदय,

मी, खाली सही करणार रामहरी गेणू बनकर, मूळ राहणार बावडा, ता. इंदापूर, आपल्या कारखान्यात पॅकिंग विभागात कामाला असून कारखान्याच्या कबड्डी संघाचा मुख्य चढाईपटू आहे. 'आहे' लिहावे की 'होतो', याचाच निकाल आपणाकडून हवा आहे, म्हणून हा अर्ज.

१. गेल्या मे महिन्यात भिगवणच्या स्पर्धेत चढाई करताना माझा उजवा गुडघा फिरला. आपण स्वतः मला जीपमध्ये घालून दवाखान्यात आणले, त्याबद्दल मी ऋणी आहे. पायाला प्लास्टर घातले. दिवाळीपर्यंत मैदानाचे नाव काढायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. इथपर्यंत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. तक्रार त्यानंतर सुरू होते, कारण माझ्या जागी आपण राखीव खेळाडू बिरदेव यास उतरवले आणि तो चांगला खेळला.

२. तो निदान एखाद्या सामन्यात तरी सपशेल पडला असता, तर मी निवांतपणे बरा झालो असतो. तसे घडले नाही. पाळी सुटली की माझ्या खोलीसमोर संघातल्या पोरांच्या मोटारसायकली थांबत. मला वाटे, माझी विचारपूस करायला आले. चहा उकळेपर्यंत माझा गुडघा संपे आणि बिरदेवच्या चढाया सुरू होत. इंदापूरच्या मैदानावर त्याने काय केले, ते माझ्याच खाटेवर बसून मलाच हातवारे करून दाखवीत. साहेब, अर्जात लिहू नये, पण माझा जळफळाट झाला. कोणाला दाखवता येत नव्हता, म्हणून जास्तच झाला.

३. आपल्या संघाची रीत आपणास ठाऊक आहे. ज्याच्या जागी खेळायचे, त्याच्या पाया पडून मैदानात जायचे. बाकीचे ही रीत एकदा पाळतात आणि विसरतात. बिरदेव मात्र दर सामन्याआधी खोलीवर येई, माझ्या प्लास्टरला हात लावी आणि तो हात कपाळी नेई. येताना भिगवणची चिलापी आणी, मासा खाल्ला की हाड लवकर धरते म्हणून. मासा ताजा असे, हे नमूद करणे भाग आहे. माझ्या मातोश्री तानूबाई बावड्याहून शुश्रूषेला आल्या होत्या. प्लास्टर निघाल्यावर एकदा त्या माझ्यादेखत म्हणाल्या, "लय गुणाचं लेकरू हाय. न्हायतर आमचं, भितीकडं तोंड करून पडतंय नुसतं." पोटच्या मुलाबद्दल हे उद्गार. त्या दिवशी माझी पत्नी सारजा हिने माशाचा मधला तुकडा त्याच्या ताटात वाढला आणि शेपटी माझ्या.

४. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम मी टाळत होतो. कशासाठी उठायचे, आपल्यावाचून कोणाचे अडले आहे, असे वाटे. परंतु शेपटी ताटात पडली तेव्हा निश्चय केला. आपल्याच कारखान्याच्या रिकाम्या दूधपिशवीत वाळू भरली, ती घोट्याला बांधली आणि पाय उचलू लागलो. कोणी बिरदेवचे कौतुक केले की पाय वर. लोकांनी एवढे कौतुक केले की मांडी पूर्वीपेक्षा भरली. वजनी गटात राहावे म्हणून भाकरी अर्धी केली, गोड बंद केले. दम टिकावा म्हणून पडल्या पडल्या एका श्वासात कबड्डी-कबड्डी म्हणत असे. सारजाला वाटले तापात बडबडतोय, तिने अंगारा लावला. डॉक्टर म्हणाले, एवढी जिद्द कुठून आणलीत? मी 'आईवडिलांचा आशीर्वाद' असे सांगितले. खरे कारण या अर्जात प्रथमच लिहीत आहे.

५. शुक्रवारी आपल्यासमोर सराव सामना झाला. मी चढाईला गेलो. बिरदेव समोरच्या कोपऱ्यात होता. मी वळलो तसा त्याने माझा उजवा घोटा धरला. आपण मध्यरेषेवर पंच म्हणून उभे होतात, आपणास धुरळाच दिसला असेल. ती पकड पक्की होती. त्याच्या घरात मेंढरं होती, पळते मेंढरू मागच्या पायाला धरून थांबवण्यात त्याचे बालपण गेले आहे. त्या हातातून पाय सुटत नाही. मी बाद झालो होतो, साहेब. मला कळले होते. आणि त्याने बोटे सैल केली. मी रेषेला हात लावला, आपण शिटी दिली, सगळे म्हणाले रामहरी परत आला. दुसऱ्या दिवशी फलकावर माझे नाव सात जणांत आणि त्याचे राखीवमध्ये लागले.

६. मी त्यास सायकल स्टँडवर गाठून जाब विचारला. खाली मान घालून म्हणाला, "दादा, पाय आत्ताच बरा झालाय तुमचा. वडला असता तर परत गेला असता. माझं काय, म्होरल्या साली खेळंन की." साहेब, मी सहा महिने या पोराचे वाईट चिंतले. तो घसरावा म्हणून देवाला बोललो. त्या हेव्यावर हा पाय उभा केला, आणि त्याने माझी कीव केली. तो माझ्यापेक्षा चांगला खेळतो, हे मी कसेबसे गिळत होतो. तो माणूसही चांगला निघाला, हे मात्र मला सोसत नाही. शनिवारपासून जेवण जात नाही.

सबब विनंती की, फलकावरील यादी उतरवावी. आम्हा दोघांची सर्वांसमोर फेरचाचणी घ्यावी. बिरदेव यास लेखी ताकीद द्यावी की त्याने माझा उजवाच घोटा धरावा, सगळा जोर लावावा आणि मी ओरडलो तरी सोडू नये. सुटलो तर जिल्ह्याला मी जाईन. न सुटलो तर तो जाईल, आणि मी बाकावर बसून त्याचा हेवा करीन. ते मला आता चांगले जमते.

आपला नम्र,
रामहरी गेणू बनकर
पॅकिंग विभाग, दुसरी पाळी

सोबत : डॉक्टरांचा दाखला. त्यात 'पूर्ण ताकदीने खेळण्यास हरकत नाही' असे लिहिले आहे. कृपया तेवढे बिरदेव यास मोठ्याने वाचून दाखवावे.